पाचच्या नाण्यावर दोन्हीकडे सिंह, विकू की ठेवू?

पत्र असं आहे, थोडं छाटून देतो:

"नमस्कार काका. नागपूरला मानेवाडा रोडवर बाबांचा पानठेला आहे, संध्याकाळी मी बसतो. गल्ला मोजताना पाचचं एक पिवळं नाणं सापडलं. एका बाजूला नेहमीसारखा सिंह आहे. दुसऱ्या बाजूला पाचचा आकडाच नाही, तिथेही सिंहच आहे, पण उलटा आणि आत रुतलेला. साल कुठेच नाही म्हणून नकली वाटते. ग्रुपवर फोटो टाकला तर एकाचा मेसेज आला, कंपनी साडेतीन लाख देते म्हणे, आधी २,७५० रुपये रजिस्ट्रेशन भरा. सोबत रिझर्व बँकेच्या शिक्क्याचं लेटर पण पाठवलं. भाऊजी म्हणतात पितांबरीने चमकव, रेट वाढते. प्रदर्शनात एका दुकानदाराने हातात घेऊन सरळ ३०० देतो म्हटलं. शिवाय माझ्याकडे दहाचं एक नाणं आहे ज्यात मधली चकती फिरलेली आहे, दोनचं क्रॉसवालं आहे, वैष्णोदेवीचं आहे, आणि आजीचा भोकाचा पैसा. काय करू?"

बाबू, सगळ्यात आधी ते २,७५०. भरू नको. भरले असशील तर पुढचे भरू नको, कारण पुढचे मागतातच, आज रजिस्ट्रेशन, उद्या जीएसटी, परवा एनओसी, मग पैसे खात्यात टाकायचा चार्ज, आणि प्रत्येक वेळी रक्कम अशी की माणूस म्हणतो एवढे गेले तर अजून एवढे देऊन पाहू. रिझर्व बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा काहीही संबंध नाही, आम्ही कोणाकडून चार्ज-कमिशन घेत नाही आणि आमच्या नावाने घ्यायचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. म्हणजे तुला आलेलं लेटर आतून वाचायची पण गरज नाही. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन कर, जितक्या लवकर करशील तितकं बरं. आणि हो, ते नाणं घेऊन संविधान चौकात, म्हणजे आपण अजूनही ज्याला आरबीआय चौक म्हणतो तिथे, बँकेच्या गेटवर जाऊ नको. तिथे पाचचे पाचच मिळतील, संग्राहकाची किंमत लावणं हे त्यांचं कामच नाही.

आता नाण्याकडे येऊ. तुझं पत्र वाचून मी सरळ झालो, कारण रोज जी पत्रं येऊन राहिली ती बहुतेक 'माझ्याकडे ट्रॅक्टरवाली नोट आहे' छापाची, आणि तू मात्र चार ओळीत असं काही लिहिलंस की जे बनवून सांगता येत नाही. उलटा आणि आत रुतलेला सिंह. संग्राहक लोक याला 'लखी' म्हणतात, बाजारात ब्रॉकेज पण म्हणतात. खरं निघालं तर चांगली वस्तू आहे. पण याचीच नक्कल सगळ्यात जास्त होते, म्हणून उडी मारू नको, पूर्ण वाच.

विचित्र नाणं हातात आलं की मी एकच प्रश्न विचारतो: हे मशीनमध्ये झालं असेल तर कसं झालं असेल? त्याची गोष्ट सांगता आली पाहिजे. टांकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड थोडी उचलून घेतात, भट्टीत तापवून मऊ करतात, मग एकेक चकती एका गोल कड्यात येऊन बसते, खालून एक डाय (म्हणजे उलटं चित्र कोरलेला ठसा), वरून एक डाय, दणका, आणि नाणं बाहेर. मिनिटाला शेकडो. यात जिथे जिथे गडबड होऊ शकते तिथली प्रत्येक चूक वेगळी दिसते. चकती कापताना पंच आधीच्या भोकावर चढला तर नाण्याचा चंद्रकोरीसारखा तुकडा गायब. चकती कड्यात नीट बसली नाही तर डिझाइन एका बाजूला सरकलेलं आणि दुसऱ्या बाजूला कोरी पट्टी. कडंच खाली बसलं तर नाणं पसरट आणि कडेच्या रेघा गायब. दणका बसलाच नाही तर कोरी चकती. डाय तडकला तर नाण्यावर उंच उठलेली वाकडी रेघ येते. ही शेवटची लक्षात ठेव, डायची चीर नाण्यावर उंच येते, कारण धातू त्या चिरेत शिरतो. खोलगट ओरखडा असेल तर तो टांकसाळीनंतर कोणीतरी मारलेला आहे, स्क्रूड्रायव्हरने, खिळ्याने, कशानेही.

गोष्ट सांगता येत नसेल तर ते नुकसान आहे, मिसप्रिंट नाही. लहानपणी आपण अजनीच्या यार्डाकडे रुळावर नाणी ठेवायचो (आता ठेवू नको बाप्पा), ती चपटी नाणी पण लोक 'एरर' म्हणून विकून राहिले. ॲसिडमध्ये टाकून पातळ केलेलं, हातोडीने ठोकलेलं, गॅसवर काळं केलेलं, लॉकेट करायला टाका मारून मग काढलेलं, हे सगळं शून्य. शून्य म्हणजे छापील किमतीपेक्षा पण कमी, कारण दुकानदार घेत नाही.

आता तुझी लखी. मशीनमधली गोष्ट अशी. एक नाणं ठोकून झालं पण बाहेर पडलं नाही, किमतीच्या बाजूच्या डायला चिकटून राहिलं. तेवढ्यात पुढची कोरी चकती आली. आता तिच्या एका बाजूला खराखुरा सिंहाचा डाय आहे, तिथे सिंह नीट उमटला. दुसऱ्या बाजूला डायच्या ऐवजी ते अडकलेलं नाणं आहे, त्याचा उठावाचा सिंह चकतीत घुसला, म्हणून तो आत रुतलेला आणि आरशासारखा उलटा. त्यामुळे दोन्हीकडे सिंह. त्यामुळेच पाचचा आकडा नाही. आणि त्यामुळेच साल नाही! पिवळ्या पाचच्या नाण्यावर साल आणि टांकसाळीची खूण किमतीच्या बाजूला असते, सिंहाच्या बाजूला नसते. ज्या गोष्टीमुळे तुला ते नकली वाटलं ती उलट त्याच्या बाजूने साक्ष देते. साल पूर्ण दिसलं असतं तर मी इथेच पेन खाली ठेवला असता.

बनवणारे काय करतात तर एक चांगलं नाणं खाली ठेवतात, त्यावर दुसरं नाणं सिंहाची बाजू खाली करून ठेवतात आणि वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळतात किंवा घणाने ठोकतात. वरच्याचा सिंह खालच्यात रुततो, उलटा. फोटोत हुबेहूब लखी. पण हातात घेतलं की पकडता येते, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

पहिलं, रुतलेल्या बाजूची कड बघ. खऱ्या लखीत चिकटलेल्या नाण्याची उठलेली कड पण चकतीत दाबली गेलेली असते, म्हणजे त्या बाजूला नेहमीची उंच कड नसायला पाहिजे, उलट कडेजवळ गोल खोलगट भाग दिसला पाहिजे. बोट फिरव, लगेच कळते. वाइसवाल्या नाण्यात खालच्या नाण्याची स्वतःची उंच कड तिथेच असते, फक्त चेपून रुंद झालेली. दुसरं, रुतलेल्या सिंहाच्या मागे, आजूबाजूला जुन्या पाचच्या आकड्याच्या, फुलांच्या नक्षीच्या, सालाच्या खुणा शोध. भिंग घे, उन्हात जा, नाणं तिरपं धर. खऱ्यात तिथे काहीच असणार नाही कारण ती चकती कोरीच होती, पाच त्यावर कधी उमटलाच नाही. बनवलेल्यात पाचचा पोटाचा गोलवा नाहीतर सालाच्या एखाद्या आकड्याची भुताटकी राहतेच. तिसरं, सरळ बाजूचा सिंह. खऱ्यात तो तेजदार, अक्षरं टोकदार. बनवलेल्यात ती बाजू आवळताना लोखंडावर टेकलेली असते, म्हणून सिंहाची नाकं आणि 'सत्यमेव जयते' ची अक्षरं चपटी, चकचकीत होतात. हुशार लोक खाली चामडं किंवा शिसं ठेवतात, मग ही खूण मिळत नाही, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नको.

आणि त्याहून हुशार लोक आधी पाचची बाजू ग्राइंडरवर सपाट करून घेतात, मग आवळतात, म्हणजे जुन्या आकड्याची भानगडच नाही. यांच्यासाठी वजनकाटा. इतवारी सराफ्यात कोणत्याही ओळखीच्या सोनाराकडे जा, दोन दशांशपर्यंतचा काटा असतो, ठेवू देतील. २०११ पासूनच्या मालिकेतलं पिवळं पाच ६ ग्रॅमचं आणि २३ मिलिमीटरचं, २०१९ मध्ये जी नवी मालिका आली त्यातलं ६.७४ ग्रॅम आणि २५ मिलिमीटरचं. तुझं जे असेल त्याच्या जवळपास वजन यायला पाहिजे. थोडंसं इकडेतिकडे चालते, त्यात वापरून झिजणं पण आलं, पण ६ चं साडेपाच भरलं तर कोणीतरी धातू खरवडून काढला आहे. वजन बरोबर आलं म्हणजे खरं असं मात्र नाही हं, नुसतं आवळलेलं, न घासलेलं नाणं असेल तर त्याचं वजन कमी होतच नाही. वजन फक्त ग्राइंडरवाल्याला पकडते. साधं त्याच मापाचं एक नाणं सोबत ने, दोन्ही शेजारी उभी धर, कडेच्या रेघा आणि जाडी सारखी दिसते का बघ. ठोकलेलं नाणं बहुतेक थोडं फुगते, कुठेतरी अंडाकृती होते, व्हर्नियरने दोन-तीन बाजूंनी मोजलं की आकडे जुळत नाहीत.

अजून एक बारीक गोष्ट. चिकटलेलं नाणं एकाच दणक्यानंतर निघालं तर रुतलेला सिंह अगदी बारीक तपशिलासकट येतो. ते बराच वेळ अडकून राहिलं तर प्रत्येक दणक्याला पसरत जाते, मग पुढच्या नाण्यांवरचा सिंह मोठा, फुगीर, अर्धवट धूसर दिसतो. दोन्ही खरेच, पण पहिल्याला जास्त मान. तुझ्या नाण्यात रुतलेल्या बाजूला 'भारत' आणि 'इंडिया' उलटं पण वाचता येत असेल, तर आशा आहे. (सिंहाखाली पाचचा आकडा दिसला तर ते स्मारक नाणं असते, पण तू तर आकडा कुठेच नाही लिहिलंस, म्हणजे साधी मालिका.) आणि समजा दोन्हीकडे उठावाचे, सरळ सिंह असते, तर मी म्हटलं असतं की हे जादूवाल्याचं नाणं आहे, लेथवर एक पोखरून त्यात दुसरं बसवलेलं. त्याची जोडरेघ कडेच्या आतून गोल फिरते आणि फरशीवर टाकलं तर आवाज बसका येते. रुतलेला असणं हाच तुझा मुद्दा आहे.

दहाचं नाणं. ते मला तुझ्या लिहिण्यावरूनच बाद वाटते, माफ कर. दहाच्या नाण्यात बाहेरची कडी आणि मधली चकती वेगवेगळ्या येतात पण ठोकल्या जातात एकत्र, एकाच दणक्यात, आणि सिंह व कडीवरची अक्षरं एकाच डायवर असतात. मग कडीवरची अक्षरं सरळ आणि मधला सिंह कलता, हे होईलच कसं? डाय वाकडा असता तर दोन्ही एकदम वाकडे आले असते. ठोकून झाल्यावर चकती पाडून परत बसवली तरच असं होते, आणि पाडायला एक सॉकेट आणि हातोडी पुरते. चकती पालथी बसवलेली पण मिळतात, ती तर सरळ खोटी. खऱ्या चुका दहा-वीसच्या नाण्यात आहेत, चकती कडीत नीट बसलीच नाही आणि दोन धातूंची हद्द सरकली, पण त्यात डिझाइन त्या हद्दीवरून न तुटता जाते. धातू सरकलेला, चित्र जागेवर. तुझ्यात धातू जागेवर, चित्र सरकलेलं. तरी एकदा बघ, नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटव, आपली नाणी अशी उलटवली की दोन्ही बाजू उभ्या सरळ यायला पाहिजेत. मागची पूर्ण बाजू, कडीसकट, कलती आली तर तो डाय फिरल्याचा प्रकार, त्याला गिऱ्हाईक आहे. थोडंसं कललेलं असेल तर कोणी विचारत नाही, पाव फेरी, अर्धी फेरी असेल तर बोलू.

बाकीचं पटकन. दोनचं क्रॉसवालं मिसप्रिंट नाही, अनेकतेत एकता अशी ती थीम होती, २००५-०६ च्या आसपासची, त्यावरून तेव्हा भल्ल्या अफवा उठल्या होत्या, नाणी मात्र भरपूर पडलीत. अंगठ्यावालं एक आणि दोन बोटांवालं दोन पण तसंच. वैष्णोदेवीचं २०१२ चं आहे, पाचचं आणि दहाचं दोन्ही निघाले, चलनातच आले, 'दहा लाखाला विका' वाले व्हिडिओ बघून लोक कामधंदा सोडून नाणं शोधून राहिले पण घेणारा एकही दिसत नाही. श्रद्धा असेल तर देवघरात ठेव. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला, महायुद्धात धातू वाचवायला भोक पाडलं होतं, घरोघरी सापडते. आजीचा आहे, आजीजवळच राहू दे. मात्र त्याचं भोकच नसेल किंवा भोक भलतीकडे सरकलेलं असेल तर मला फोटो पाठव, त्यात खरी चूक असू शकते.

सालाखालच्या खुणांवरून पण खूप जण फसतात, म्हणून सांगून ठेवतो, ठेल्यावर बसतोस तर तुझ्या हातातून रोज चिल्लर जाते. हिऱ्यासारखा चौकोन मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, आणि कोलकात्याची काहीच खूण नसते. लोक खूण नाही म्हणून मिसप्रिंट समजतात, ते कोलकात्याचं असते. ऐंशी-नव्वदच्या दशकात चिल्लर पुरेना म्हणून सरकारने बाहेरच्या देशांतून पण नाणी पाडून आणली, १९८५ च्या रुपयावर एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटनचा, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या रुपयांवर मेक्सिको, स्लोव्हाकिया, दक्षिण आफ्रिकेच्या खुणा सापडतात, १९९९ च्या पाचवर मॉस्कोची. चुका नाहीत या, पण जमवायला मजा येते आणि काही काही खुणांना साध्या नाण्यापेक्षा बरा भाव येतो. माझं विचारशील तर ठेल्यावर बसून लाखाची लखी शोधण्यापेक्षा हे जमव.

भाव. तुला हेच पाहिजे होतं, माहीत आहे. साडेतीन लाख विसर, समजा नाणं शंभर टक्के खरं निघालं तरी विसर. साध्या चलनातल्या पाचची लखी ही हजारांतली गोष्ट आहे, लाखांतली नाही, आणि हजारांतली पण तेव्हा जेव्हा समोर ते पाहिजे असलेला माणूस बसला असेल. मिसप्रिंट जमवणारे आपल्याकडे मोजके, प्रत्येकाला काय पाहिजे ते ठरलेलं, कोणी फक्त सरकलेली घेते, कोणी फक्त दोन धातूंची. भाव वाढतो तो चूक भिंगाशिवाय लांबून दिसली की, नाणं कोरं-करकरीत असलं की, साल दिसत असलं की. तुझ्याकडे चूक भारी आहे, साल नाही, आणि गल्ल्यातून आलंय म्हणजे थोडं झिजलेलं असणार. साल नसणं लखीत चालवून घेतात, तरी ज्या लखीत सालाची बाजू आली तिला दोन पैसे जास्त.

ऑनलाइन कोणी किती मागते ते पाहू नको, मागायला काय जाते, मी पण माझ्या स्कूटीचे पाच लाख मागू शकतो. मुंबई, बंगळुरू, अहमदाबादकडच्या नाण्यांच्या लिलाव कंपन्या आपल्या जुन्या लिलावांचे निकाल साइटवर ठेवतात, तिथे 'विकलं गेलं' ती रक्कम बघ, 'अंदाज' नाही. पाच रुपये, ब्रॉकेज, असं टाकून शोध, पिवळ्या धातूचंच बघ, जुन्या चांदीच्या किंवा कंपनी सरकारच्या लखीचा भाव आपल्या नाण्याला लावू नको. असे चार-सहा निकाल मिळाले की भाव कुठे फिरतो ते दिसते, मग त्यातून लिलाववाल्याचं कमिशन वजा कर.

तो ३०० वाला दुकानदार, त्याला चोर म्हणू नको. त्याने काट्यावर ठेवलं नाही, भिंग लावलं नाही, आणि तरी ३०० म्हटलं, म्हणजे बाहेरून पाहून त्याला ते खरं वाटलं आणि खोटं निघालं तर तेवढाच तोटा, असा हिशोब. धंदा आहे त्याचा. पण पहिल्याच माणसाला पहिल्याच भावात द्यायचं नसते, हे तुला पानठेल्यावर बसून मी काय शिकवू. आपल्या शहरात नाण्यांची प्रदर्शनं लागतात, तिथे दोन-तीन वेगवेगळ्या टेबलांवर दाखव, आणि किंमत विचारूच नको, फक्त विचार की दादा ही लखी खरी आहे का वाइसची. विकायचं नाही असं वाटलं की लोक मोकळेपणाने बोलतात. तिघांपैकी दोघांनी कड बघून, वजन विचारून खरी म्हटलं तर मग भावाची गोष्ट काढ. डबीत सील करून मिळतात तसलं ग्रेडिंग, म्हणजे खरेपणा आणि दर्जा तपासून सर्टिफिकेट, करून घे असं कोणी सांगेल, त्याची फी आणि पाठवायचा खर्च आधी विचार, या भावाच्या नाण्याला मला ते परवडेल असं वाटत नाही. खरेपणावर वाद असेल आणि चांगलं गिऱ्हाईक सर्टिफिकेट मागून राहिलं असेल तरच.

आणि पितांबरी. भाऊजींना सांग देवाच्या भांड्यांना लावा. घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतो, त्यावर बारीक बारीक ओरखड्यांची जाळी येते, मूळची चमक गेली की परत येत नाही, आणि लखीत तर धोका दुहेरी आहे कारण घासलेली सपाट बाजू ग्राइंडरच्या कामासारखी दिसायला लागते, म्हणजे खरं नाणं तुम्हीच संशयात टाकाल. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, ब्रासो तर नाहीच. पानाचे डाग असतील (असतीलच) तर साध्या पाण्यात थोडा वेळ ठेव, मऊ कपड्यावर ठेवून टिपून घे, चोळू नको. नाणं कडेने धरायचं, बोटं चित्राच्या बाजूंवर नाही. ठेवायला पुठ्ठ्याचे खिडकीवाले चौकोनी होल्डर मिळतात, स्वस्त असतात, त्यात ठेव. जाड लिबलिबीत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नको, काही महिन्यांनी नाण्याला हिरवट चिकटा धरतो.

फोटो मला परत पाठव, या वेळी नीट. फ्लॅश बंद, सकाळचं खिडकीचं ऊन एका बाजूने, नाणं पांढऱ्या कागदावर, दोन्ही बाजू सरळ वरून, मग रुतलेली बाजू तिरपी धरून एक, आणि कडेचा एक, शेजारी साधं पाच उभं ठेवून. वजन दोन दशांशपर्यंत लिही. ग्रुपवरचा तुझा फोटो इतका पिवळा आहे की त्यात सिंह आहे की सुपारी तेच कळत नाही. तोपर्यंत ते चुकून गल्ल्यात परत जाऊ देऊ नको, बाबांना आधी सांगून ठेव, संध्याकाळच्या गर्दीत पाच सुट्टे म्हणून कोणाला देऊन टाकतील.